जुन्या मोटारीची घरच्या घरी देखभाल आणि बिघाडाचा तपास

घरात दहा-पंधरा वर्षे वापरात असलेली छोटी पेट्रोल गाडी असेल, म्हणजे अल्टो, वॅगन आर, सँट्रो किंवा २०१४ मध्ये उत्पादन थांबलेली मारुती ८००, तर तिच्यावरचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी इंजिन खोलायला शिकण्याची गरज नसते. बिघाडाचा तपास नीट क्रमाने करता आला तरी पुष्कळ काम होते. अशा गाडीवर सर्वाधिक पैसा वाया जातो तो अंदाजाने बदललेल्या सुट्या भागांवर. गाडी चालू होत नाही म्हणून बॅटरी बदलली जाते, तरीही अडचण राहिली म्हणून सेल्फ (इंजिन चालू करताना ते फिरवणारी विजेची मोटर) उतरवला जातो, आणि शेवटी दोष निघतो तो बॅटरीच्या टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या क्षारात. म्हणून या लेखात दुरुस्तीपेक्षा पाहणी, मोजमाप आणि तपासाचा क्रम यांवर भर दिला आहे, आणि कोणते काम घरी करू नये हेही त्या त्या ठिकाणी सांगितले आहे.

तयारी

सर्वांत आधी गाडीसोबत मिळालेली मालकाची पुस्तिका शोधावी, आणि ती हरवली असेल तर त्याच मॉडेलची व त्याच वर्षाची प्रत मिळवावी. एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या काळात वेगवेगळी इंजिने आलेली असतात. उदाहरणार्थ, २०१० पूर्वीच्या वॅगन आरमध्ये टायमिंग बेल्ट (इंजिनाच्या आतल्या भागांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा) असलेले १०६१ सीसीचे इंजिन होते, तर त्यानंतरच्या ९९८ सीसीच्या के-सीरिज इंजिनात बेल्टच्या जागी साखळी आली. त्यामुळे शेजाऱ्याच्या वॅगन आरला लागू पडणारा सल्ला आपल्या वॅगन आरला लागू पडेलच असे नाही. ऑइलचा दर्जा, टायरमधील हवेचा दाब, स्पार्क प्लगचा प्रकार आणि फ्यूजची जागा या चार गोष्टी पुस्तिकेतून पाहूनच ठरवाव्यात.

दुसरी वस्तू म्हणजे एक साधी वही. तीत तारीख, किलोमीटरचा आकडा, केलेले काम, बदललेला भाग आणि आढळलेले लक्षण लिहावे. ‘ऑइल थोडे कमी होते’ अशा आठवणीपेक्षा ‘मागच्या वेळेनंतर १,८०० किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल टाकावे लागले’ ही नोंद मेकॅनिकला कितीतरी अधिक सांगून जाते.

अवजारांत गोटी पान्यांचा मध्यम संच, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर, पक्कड, प्लग पाना, टायरमधील हवा मोजण्याचे गेज, जंपर केबल, टॉर्च आणि साधा डिजिटल मल्टीमीटर एवढे पुरे आहे. जपानी बनावटीच्या इंजिनांवर १०, १२, १४ आणि १७ नंबरचे पाने सर्वाधिक लागतात. मल्टीमीटर नवशिक्यांना अवघड वाटतो, पण माझ्या मते या यादीत सर्वांत आधी तोच घ्यावा, कारण जुन्या गाडीच्या निम्म्याअधिक तक्रारींत पहिला प्रश्न वीज पोहोचते आहे का, हाच असतो.

सुरक्षिततेचे नियम थोडे आहेत, पण त्यांत तडजोड नको. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. गाडीखाली जायचेच असेल तर सपाट, कठीण जमिनीवर भक्कम स्टँड लावावेत आणि जमिनीवर राहिलेल्या चाकांना दगड किंवा लाकडी पाचर लावावी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. बॅटरीजवळ काम करताना हातातील अंगठी, कडे आणि घड्याळ काढून ठेवावे. इंजिन बंद असले तरी रेडिएटरचा विजेचा पंखा काही गाड्यांत आपोआप फिरू लागतो, त्यामुळे गरम इंजिनात त्याच्या पात्यांजवळ हात नेऊ नये.

आठवड्यातून एकदा, सकाळी गाडी थंड असताना

पाहणी नेहमी गाडी रात्रभर उभी राहिल्यानंतर करावी. गाडी दोन-तीन फूट पुढे ढकलून ती उभी होती त्या जागी जमिनीवर काय सांडले आहे ते पाहावे. शंका असेल तर आदल्या रात्री पुठ्ठा अंथरून ठेवावा. समोरच्या डाव्या आसनाच्या खाली स्वच्छ पाणी दिसले तर ते बहुतेक वेळा एसीचे असते आणि त्यात काळजीचे काही नसते. काळपट तपकिरी, चिकट डाग इंजिन ऑइलचा असतो. हिरवा, निळा किंवा तांबडा, किंचित गोडसर वासाचा डाग कूलंटचा असतो. चाकाच्या आतील बाजूला बुळबुळीत, फिकट पिवळसर ओल दिसली तर ते ब्रेक ऑइल समजावे आणि गाडी रस्त्यावर काढू नये. पेट्रोलचा वास येत असेल तर स्टार्टर मारण्याचाही प्रयत्न न करता मेकॅनिकला जागेवर बोलवावे.

त्यानंतर बोनेट उघडून ऑइलची पट्टी बाहेर काढावी, कोरड्या फडक्याने पुसावी, पुन्हा पूर्ण आत घालून काढावी आणि मगच पातळी पाहावी. पातळी दोन खुणांच्या मध्ये असावी. कमी असेल तर पाव-पाव लिटर टाकत दर वेळी पुन्हा मोजावे. वरच्या खुणेपलीकडे ऑइल भरणे हे कमी ऑइलइतकेच अनिष्ट आहे, कारण फिरणारा क्रँकशाफ्ट ते घुसळून त्याचा फेस करतो आणि वंगण व्हायचे तिथे नीट होत नाही. ऑइल काळे दिसले म्हणजे ते लगेच खराब झाले असे नव्हे, कारण काजळी धरून ठेवणे हे त्याचे कामच आहे. मात्र पट्टीवर किंवा झाकणाच्या आत दुधाळ, लोण्यासारखा थर आढळला तर त्याची दोन कारणे असू शकतात. गाडी रोज एक-दोन किलोमीटरच चालत असेल तर इंजिन पुरते तापत नाही आणि आतली वाफ ऑइलमध्ये मिसळते. अशा वेळी झाकण पुसून गाडी तासभर महामार्गावर चालवून पुन्हा पाहावे. थर पुन्हा आला आणि सोबत कूलंटही कमी होत असेल, तर हेड गॅस्केटचा (सिलिंडर हेडखालच्या सीलचा) संशय घ्यावा व गाडी चालवणे थांबवावे.

कूलंटची पातळी पारदर्शक डब्यावरच्या खुणांवरून पाहावी. ब्रेक ऑइलच्या डब्याचे झाकण विनाकारण उघडू नये, कारण ते ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते; पातळी बाहेरूनच दिसते. ही पातळी हळूहळू खाली जात असेल तर ब्रेक पॅड झिजत असल्याची ती खूण असते, आणि एकदम खाली गेली असेल तर गळती आहे असे समजावे.

टायरमधील हवा गाडी चालवण्यापूर्वी मोजावी, कारण काही किलोमीटर चालल्यावर टायर तापून दाब वाढलेला दिसतो. टायरचे वय त्याच्या कडेवरील चार अंकांवरून कळते: २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की टायर कायद्यानेही निकामी ठरतो, आणि नक्षीच्या खाचांतील उंचवटे पृष्ठभागाच्या पातळीला आले की ती मर्यादा गाठली असे समजावे. कमी धावणाऱ्या घरगुती गाडीत मात्र नक्षी शाबूत असूनही रबर कडक होऊन कडेला भेगा पडतात, आणि असे टायर पावसात फार वाईट पकड देतात. स्टेपनीचा टायर तर बहुधा गाडीच्याच वयाचा असतो, आणि त्यात हवा आहे की नाही याची आठवण पंक्चर झाल्यावरच होते.

गाडी चालू होत नाही

नवशिक्याला सर्वाधिक गोंधळात टाकणारी तक्रार हीच असते, म्हणून ती सविस्तर पाहू. किल्ली फिरवल्यावर नेमके काय घडते यावरून तपासाची दिशा ठरते, आणि त्यात चार शक्यता असतात.

पहिली शक्यता अशी की डॅशबोर्डवर एकही दिवा लागत नाही. अशा वेळी बॅटरी पूर्ण उतरली आहे, टर्मिनल सैल झाले आहे किंवा मुख्य फ्यूज गेला आहे. दुसरी शक्यता म्हणजे दिवे लागतात, पण किल्ली फिरवताच ते मंदावतात आणि फक्त ‘टक्’ किंवा ‘टकटकटक’ असा आवाज येतो. तिसऱ्या शक्यतेत सेल्फ फिरतो, पण रेंगाळत. या तिन्ही वेळी आधी बॅटरी मोजावी. गाडी काही तास उभी राहिल्यानंतर मल्टीमीटरवर सुमारे १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी पूर्ण चार्ज आहे, १२.२ च्या आसपास दिसले तर ती निम्मी उतरलेली आहे, आणि १२ च्या खाली असेल तर तिच्याकडून गाडी चालू होण्याची अपेक्षा करू नये. आता कोणाला तरी किल्ली फिरवायला सांगून त्याच वेळी आकडा पाहावा. १२.६ व्होल्ट दाखवणारी बॅटरी सेल्फ फिरताना साडेनऊच्या खाली कोसळत असेल तर ती आतून संपलेली आहे. आकडा ११-१२ वरच टिकून राहत असेल आणि तरीही सेल्फ फिरत नसेल, तर बॅटरी निर्दोष आहे आणि अडथळा टर्मिनल, अर्थिंगची पट्टी, सोलेनॉइड (सेल्फला वीज जोडून देणारा स्विच) किंवा सेल्फ यांपैकी कशात तरी आहे. एवढ्या एका मोजमापाने नव्या बॅटरीचा अनावश्यक खर्च टळू शकतो.

टर्मिनल स्वच्छ करताना आधी निगेटिव्ह आणि मग पॉझिटिव्ह तार सोडवावी. बसवताना याच्या उलट, म्हणजे पॉझिटिव्ह आधी आणि निगेटिव्ह शेवटी. कोमट पाण्यात खायचा सोडा घालून जुन्या ब्रशने क्षार धुवावा, पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, नंतर कोरड्या फडक्याने पुसून टर्मिनल घट्ट बसवावे आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ थर लावावा. बॅटरीच्या निगेटिव्हपासून गाडीच्या सांगाड्याकडे आणि इंजिनाकडे जाणारी अर्थिंगची तारही त्याच वेळी पाहावी, कारण पंधरा वर्षांच्या गाडीत ती हिरवट गंजलेली असते आणि तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. अर्थिंग कमजोर असेल तर दिवे फडफडणे, हॉर्न बारीक वाजणे आणि सेल्फ रेंगाळणे अशा एकमेकांशी संबंध नसल्यासारख्या तक्रारी एकदम सुरू होतात.

दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवर आपली गाडी चालू करायची असेल तर क्रम पाळावा. दोन्ही गाड्या एकमेकींना न टेकता उभ्या कराव्यात आणि दोन्हींची इंजिने बंद ठेवावीत. लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावावे. मग काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि शेवटचे टोक आपल्या गाडीच्या इंजिनावरील एखाद्या रंग नसलेल्या धातूच्या भागाला, बॅटरीपासून दूर लावावे. बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो आणि शेवटच्या जोडणीला उडणारी ठिणगी तिच्याजवळ नको. आता मदतीची गाडी चालू करून काही मिनिटे थांबावे आणि मग आपली चालू करावी. केबल काढताना हाच क्रम उलटा करावा. गाडी चालू झाल्यावर आपल्या बॅटरीवर पुन्हा मल्टीमीटर लावावा: साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसले तर अल्टरनेटर (इंजिनाच्या बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणारे जनित्र) काम करतो आहे. साडेतेराच्या बरेच खाली राहिले तर बेल्ट सैल आहे किंवा अल्टरनेटर दुरुस्तीला आला आहे, आणि अशा वेळी नवी बॅटरी आणली तरी तीही उतरणारच.

चौथी शक्यता वेगळी आहे: सेल्फ जोमाने फिरतो, पण इंजिन पेट घेत नाही. येथे बॅटरीचा दोष नसतो. प्रथम टाकीत पेट्रोल खरोखर आहे का ते पाहावे, कारण जुन्या गाडीचा काटा चुकीचे दाखवू शकतो. मग डॅशबोर्डवरील किल्लीच्या चिन्हाचा दिवा लुकलुकत राहतो का ते पाहावे. तसे असेल तर इमोबिलायझरने (चोरी रोखणाऱ्या यंत्रणेने) किल्ली ओळखलेली नाही आणि दुसऱ्या किल्लीने प्रयत्न करावा. इंजेक्शन असलेल्या गाडीत किल्ली ‘ऑन’ स्थितीत नेताच मागच्या आसनाच्या बाजूने पेट्रोल पंपाचा दोन-तीन सेकंद गुणगुणल्यासारखा आवाज यायला हवा. तो आला नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले (विजेवर चालणारा स्विच) तपासावा. फ्यूज त्याच क्षमतेचा बसवावा. १० अँपिअरचा तांबडा, १५ चा निळा, २० चा पिवळा आणि ३० चा हिरवा असतो. नवा फ्यूजही लगेच जळाला तर मोठा फ्यूज किंवा तार घालून वेळ मारून नेऊ नये, कारण फ्यूज वाचला तर वायरिंग जळते.

पंप चालत असेल तर स्पार्क प्लग काढून पाहावे. प्लग पेट्रोलने ओले असतील तर पेट्रोल पोहोचते आहे, पण ठिणगी नाही किंवा इंजिन ‘फ्लड’ झाले आहे, म्हणजे जादा पेट्रोलने भिजले आहे. कोरडे असतील तर पेट्रोल पोहोचत नाही. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नये आणि मध्ये अर्धा-एक मिनिट विश्रांती द्यावी, कारण सेल्फ तापतो आणि न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (धुरातील प्रदूषण कमी करणाऱ्या भागात) जमा होते.

इंजिन तापणे

जुन्या इंजिनाचा शेवट बहुधा झिजेने होत नाही, एखाद्या घाटात तापमानाचा काटा लाल रेघेवर गेलेला असतानाही गाडी पुढे रेटल्याने होतो. कसारा किंवा खंबाटकीच्या चढावर काटा नेहमीपेक्षा वर सरकू लागला की लगेच एसी बंद करावा, हीटर असेल तर तो पूर्ण गरम स्थितीत आणि पंखा जोरात ठेवावा, म्हणजे इंजिनातील थोडी उष्णता आतल्या छोट्या रेडिएटरमधून बाहेर पडते, आणि सुरक्षित जागा मिळताच थांबावे. वाफ दिसत असेल तर इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यानंतर किमान अर्धा तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नये. झाकणामुळे आत दाब राहतो आणि त्या दाबाखाली कूलंट १०० अंशांहून बऱ्याच अधिक तापमानालाही न उकळता राहते. झाकण उघडताच दाब जातो आणि उकळते कूलंट कारंज्यासारखे तोंडावर येते. तापलेल्या इंजिनावर किंवा आत एकदम थंड पाणी ओतू नये, कारण त्याने सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

कारण शोधताना गाडी केव्हा तापते हे आधी टिपून ठेवावे. वाहतूक कोंडीत तापते, पण मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, अशी तऱ्हा असेल तर पंख्याकडे पाहावे. इंजिन चालू ठेवून एसी लावला की पंखा फिरतो, पण एसी बंद असताना काटा वर जाऊनही फिरत नाही, तर मोटर ठीक आहे आणि दोष तापमानाच्या सेन्सरमध्ये, रिलेमध्ये किंवा त्यांच्या वायरिंगमध्ये आहे. याच्या उलट, कोंडीत ठीक पण वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर आतून बुजला आहे, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) अर्धवट उघडतो आहे किंवा वॉटर पंप कमजोर झाला आहे. कूलंट सतत कमी होते, पण बाहेर गळती कुठेच दिसत नाही, आणि सकाळी इंजिन चालू केल्यावर सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर बराच वेळ निघत राहतो, असे असेल तर हेड गॅस्केट गेल्याची शक्यता मोठी आहे. थंडीच्या सकाळी पहिली काही मिनिटे दिसणारी वाफ मात्र प्रत्येक गाडीला असते. ती इंजिन तापल्यावर थांबते.

सर्वांत स्वस्त संशयित आधी तपासावेत: रेडिएटरच्या झाकणाचे रबर चिरले आहे का, रबरी होज पाइप दाबल्यावर चिवट लागतात की भेगाळून फुगले आहेत, आणि त्यांच्या क्लिपांजवळ वाळलेल्या कूलंटचे पांढरे किंवा हिरवट डाग आहेत का. रेडिएटरमध्ये नळाचे, आणि विशेषतः बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतण्याची आपल्याकडची सवय फार महाग पडते. त्या पाण्यातील क्षार नळ्यांच्या आत बसतात आणि गंजरोधक रसायन पातळ होते. पुस्तिकेत सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये सांगितलेल्या प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, मिसळून वापरावे. आणीबाणीत साधे पाणी घालून घर गाठायला हरकत नाही, पण त्यानंतर ते पूर्ण काढून टाकावे. दोन उपायांपासून दूर राहावे: थर्मोस्टॅट काढून टाकणे आणि रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पूड टाकणे. पहिल्याने इंजिन योग्य तापमानाला पोहोचायला फार वेळ घेते आणि पेट्रोल जास्त खाते. दुसऱ्याने गळतीबरोबर हीटर आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजतात.

मिसिंग, कमी पिकअप आणि घटलेले मायलेज

इंजिन आयडलवर (ॲक्सिलरेटर न दाबता चालू असताना) थरथरते, चढावर दम लागतो किंवा मायलेज घटते, तेव्हा तपास हवेपासून सुरू करावा. एअर फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. धूळ भरलेला असेल तर तो बदलावा. इंजिनाला लागलेले बारीक रबरी व्हॅक्यूम पाइप कुठे निसटले किंवा तडकले आहेत का ते पाहावे. मग प्लग एकेक करून काढावेत आणि कोणता कोणत्या सिलिंडरचा हे लिहून ठेवावे. फिकट तपकिरी किंवा करडा रंग निरोगी ज्वलनाची खूण असते, कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा हवा कमी, आणि ओलसर काळा थर म्हणजे सिलिंडरमध्ये ऑइल जळते आहे. प्लग नेहमी थंड इंजिनातच काढावेत आणि बसवताना पहिले काही आटे हातानेच फिरवावेत. ॲल्युमिनियमच्या हेडमधील आटे एकदा गेले की ते काम घरचे राहत नाही.

इंजिनाच्या चिन्हाचा पिवळा दिवा लागत असेल आणि गाडी २०१३ नंतरची असेल, तर मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा स्वस्त ओबीडी स्कॅनर (गाडीच्या संगणकातील दोषांचे कोड वाचणारे उपकरण) उपयोगी पडतो. पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (मिश्रण नीट न पेटणे, म्हणजेच मिसिंग), पी ०१७१ म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. कोड हा दोषाचा पत्ता असतो, निकाल नव्हे. पी ०३०१ आल्यावर पहिल्या सिलिंडरची कॉइल (प्लगला ठिणगीसाठी वीज देणारा भाग) दुसऱ्यावर बसवावी आणि कोड पी ०३०२ झाला तर कॉइल दोषी ठरवावी. कोड तोच राहिला तर प्लगबाबत हाच प्रयोग करावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर काय केल्याने गाडी सुधारली हे कधीच कळत नाही.

आता पंपांवर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. इथेनॉलची उष्णताशक्ती पेट्रोलपेक्षा सुमारे एकतृतीयांश कमी असल्याने मायलेजमध्ये थोडी घट अपेक्षितच आहे, ती गाडीचा बिघाड समजू नये. मात्र जुन्या गाडीतील रबरी पेट्रोल पाइप आणि सील या मिश्रणासाठी बनवलेले नसतात, म्हणून दर महिन्याला पेट्रोलच्या पाइपची जोडणी हाताने चाचपावी आणि रबर मऊ, फुगलेले किंवा ओलसर लागले तर ते बदलून घ्यावे. इथेनॉल पाणी ओढून घेते, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत जुने पेट्रोल साठवून ठेवू नये.

धुराचा रंगही सांगतो. रात्रभर उभ्या गाडीतून चालू करताच एकदाच निळा धूर आला तर व्हॉल्व्ह सील कडक झाले आहेत. ॲक्सिलरेटर दाबताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टन रिंगा झिजल्या आहेत. पहिला दोष असतानाही ऑइल मोजत-भरत गाडी बराच काळ चालवता येते.

ब्रेक, चाके आणि आवाज

ब्रेकची लक्षणे ओळखायला घरी शिकावे, पण दुरुस्ती अनुभवी हातांकडेच द्यावी. पेडल स्पंजासारखे मऊ लागत असेल तर ऑइलमध्ये हवा आहे. पेडल दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर गेला आहे, आणि ती गाडी जागेवरून हलवू नये. ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढत असेल तर एखादा कॅलिपर (ब्रेक पॅड दाबणारा भाग) अडकला असण्याची शक्यता आहे. ब्रेक ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलावे, यामागे ठोस कारण आहे: नवे डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा शोषलेल्या अवस्थेत ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. आंबा घाटातून सतत ब्रेक लावत उतरणाऱ्या गाडीत ते उकळले की पेडल एकाएकी पोकळ लागते. म्हणून घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहावे आणि गाडी न्यूट्रलमध्ये कधीही सोडू नये.

स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना ‘कट् कट्’ आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचा बाहेरचा जॉइंट झिजला आहे. त्याचे रबरी बूट फाटल्याचे वेळीच दिसले तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागते. वेगाबरोबर वाढणारी घरघर व्हील बेअरिंगची असते आणि खड्ड्यांत येणारा ठकठक आवाज लोअर आर्मचे बुश, लिंक किंवा शॉकअपचा. इंजिन चालू करताच येणारी किंकाळी सैल किंवा गुळगुळीत झालेल्या बेल्टची असते. टायमिंग बेल्ट मात्र तुटण्यापूर्वी बहुधा आवाज करत नाही, म्हणून त्याच्या बाबतीत पुस्तिकेतील किलोमीटरची मर्यादा काटेकोरपणे पाळावी. जुनी गाडी घेतली असेल आणि तो केव्हा बदलला याची नोंद नसेल, तर तो बदललेला नाही असेच धरून चालावे.

पावसाळ्यापूर्वी

मे महिन्याच्या अखेरीस एक सकाळ या कामासाठी राखावी. वायपरखालच्या जाळीतील पाने काढावीत आणि दारांच्या खालच्या कडेला असलेली बारीक छिद्रे काडीने मोकळी करावीत. ती बुजली की पाणी दारात साठते आणि पत्रा आतून गंजतो. कोकणात आणि समुद्राकाठच्या शहरांत खारी हवा असल्याने गाडीच्या तळाला गंजरोधक थर द्यावा, पण आधीच गंजलेल्या जागेवर तो थर मारला तर गंज झाकला जाऊन आत वाढतच राहतो. वायपरचे रबर दरवर्षी बदलावे. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात आणि वायरी कुरतडतात, त्यामुळे गाडी काही दिवस उभी राहिली असेल तर चालू करण्यापूर्वी बोनेट उघडून पाहावे.

पाणी साचलेल्या रस्त्यात इंजिन बंद पडले तर ते पुन्हा चालू करण्याचा मोह टाळावा. एअर फिल्टरच्या वाटे पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर पाणी दाबले जात नाही आणि पिस्टनचा दांडा वाकतो. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरासारख्या प्रसंगात उभी गाडी भिजण्याने होणाऱ्या नुकसानीपेक्षा ती नंतर चालू करून पाहण्याने इंजिनाचे अधिक नुकसान होते. बॅटरीचा निगेटिव्ह सोडवावा आणि गाडी ओढून न्यावी.

गॅरेजकडे जाताना आणि कागदपत्रे

मेकॅनिकला आपला निष्कर्ष सांगण्याऐवजी लक्षण सांगावे: ‘क्लच बदला’ म्हणण्यापेक्षा ‘चौथ्या गिअरमध्ये चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग वाढत नाही’ असे सांगितले तर तपास त्याच्याकडून होतो आणि जबाबदारीही त्याचीच राहते. बदललेला जुना भाग परत मागावा आणि बिलावर त्याचे नाव लिहून घ्यावे. सीएनजी किटच्या कोणत्याही जोडणीला घरी हात लावू नये. सिलिंडरची हायड्रो चाचणी दर तीन वर्षांनी होते आणि तिची तारीख वहीत असावी.

पीयूसी (प्रदूषण तपासणीचे प्रमाणपत्र) बीएस-४ या उत्सर्जन मानकाच्या आणि त्यानंतरच्या गाड्यांना वर्षभर आणि त्याहून जुन्यांना सहा महिने चालते. तपासणीला जाताना इंजिन पूर्ण तापलेले असावे, कारण थंड कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नीट काम करत नाही. नोंदणीला १५ वर्षे पूर्ण होत आली की नमुना २५ मध्ये नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. तो मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करता येतो, महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो, आणि नूतनीकरण पाच वर्षांसाठी मिळते. आरटीओच्या तपासणीला जाण्याआधी सर्व दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हँडब्रेक आणि टायर स्वतः पाहावेत, चासिस नंबरवरील गंज हळुवार घासून आकडे वाचता येतील असे करावेत, आणि विम्याची मुदत त्याच आठवड्यात संपत नाही ना, हेही तपासावे.